विचारून जाणारी बाई

माझ्या कामाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि आईला ते मी कधीच नीट समजावून सांगू शकले नाही. वांकिडीत आमचं किराणा दुकान आहे. तिथं बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माही पोरगी आदिलाबादले रायते, पोरायच्या संस्थेत." ती तिथं करते काय, असं कुणी विचारलं की आई विषय बदलते. नोकरी लागली तेव्हा एकदा तिनं मलाच विचारलं होतं.

"तू पोरायले शिकवतं का?"

"नाई."

"खायले देतं?"

"नाई वं. शिकवनारे, देनारे येगळे हायेत. मी त्यायच्या मागून जातो. पोरायले विचारतो, तुमाले भेटलं का, त्याचा काई उपयोग झाला का."

ती काही वेळ गुळाचे खडे फोडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे नुसतं विचारून याचं."

याच्याहून चांगली व्याख्या मला पुढंही सापडली नाही.

संस्था मुलांसाठी काम करणारी. मोठं ऑफिस हैदराबादला, आमचं छोटं आदिलाबादला, एका डॉक्टरच्या घराच्या वरच्या मजल्यावर. ऑफिसात सगळे तेलुगू बोलणारे. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू शिकलेली मी एकटीच, त्यामुळं पैनगंगेच्या काठची मराठी गावं आपोआप माझ्या वाट्याला आली. त्या गावांत संस्थेनं किशोरवयीन मुलींचे गट सुरू केले होते. आठवड्यातून एकदा मुली जमायच्या, खेळायच्या, बोलायच्या. त्यांनी शाळा सोडू नये, त्यांची लग्नं लवकर होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. गट चालवणाऱ्या ताया वेगळ्या. मी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी जायचं, मुलींना एकेकीला बसवून प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबमध्ये भरायची आणि निघायचं. मी शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, उत्तर ऐकून चेहऱ्यावर आनंद किंवा दुःख दाखवायचं नाही. माझ्यामुळं उत्तर बदललं तर मोजण्याला अर्थ राहत नाही. फक्त एखाद्या मुलीला धोका आहे असं कळलं, तर त्याच दिवशी बालसंरक्षण बघणाऱ्या सहकाऱ्याला सांगायचं. प्रशिक्षणात हे सगळं मला अगदी पटलं होतं.

प्रश्नांचं मराठी भाषांतर वरून यायचं. "तुला तुझ्या परिसरात सुरक्षित वाटते का?" असा एक प्रश्न होता. मुली नुसत्या माझ्याकडे बघायच्या. त्यांची शाळा तेलुगूतून. घरचं मराठी बोलण्यापुरतं, आणि त्यात परिसर नव्हता, सुरक्षितही नव्हतं. मग मी विचारायची, "एकटीनं शाळेत जातानी भेव लागते का?" तेव्हा कुठं त्या बोलायच्या. खूप रडक्यापासून खूप हसऱ्यापर्यंत चेहरे काढलेलं एक कार्डही होतं. तुला आयुष्य कसं वाटतं, ते बोट ठेवून दाखवायचं. बहुतेक मुली हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत. एकीला मी विचारलं, हाच काऊन? ती म्हणाली, "बाकीचे चांगले नाई काढले."

ती मुलगी मला पहिल्या फेरीत भेटली. नववीत होती. उंच, काटकुळी, खो-खोत शाळेच्या संघात. उत्तरं पटापट द्यायची आणि पुढचा प्रश्न काय असेल म्हणून टॅबमध्ये डोकवायची. घर नदीकडच्या टोकाला, खाऊनपिऊन बरं. बापाची कापूस-तुरीची शेती, आई घरामागं भाजीपाला करून बेल्याच्या आठवडी बाजारात विकायची. पालकांनाही काही प्रश्न विचारायचे असत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. आईनं चहा केला. निघताना माझ्या हातात मेथीची जुडी ठेवली. मी नको म्हणाले, आमच्यात असं काही घ्यायचं नसतं. ती म्हणाली, "भाजीच हाये बाई, काई सोनं नाई." मी ती घेतली.

मधली फेरी संक्रांतीनंतर आली. अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर मी बसले होते, बाकीच्या मुली पुढच्या अंगणात पाळीची वाट बघत होत्या. तिनं सगळे प्रश्न संपवले. मी टॅब बंद करायला घेतला तसं तिनं विचारलं, "मॅडम, हे तुमी ज्याच्यात भरून राह्यल्या, ते कोठी जाते?"

"हैदराबादले."

"तिथी कोन वाचते?"

"आमच्या मोठ्या मॅडम. आनखी काही लोक."

"आन् मंग?"

"मंग ते ठरवतात, पुढं काय कराचं ते."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "माहं लगन जमवलं. होळी झाली का करनार हायेत. हे बी भरा त्याच्यात."

तिचा आवाज नेहमीचाच होता. मी सावकाश विचारत गेले. मुलगा नदीपलीकडचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला, मावशीच्या गावाजवळचा. मुलाचं घर वाईट नाही असं तीच म्हणाली. पण तिच्या मोठ्या बाबाची, म्हणजे थोरल्या काकाची, मुलगी दिवाळीत कुणासोबत निघून गेली होती, आणि तेव्हापासून घरात हिच्याबद्दल बोलणं सुरू झालं होतं. शाळा शेजारच्या गावात, जाता-येता रस्त्यावर पोरं उभी राहायची. हिनं कुणाकडं बघितलं नव्हतं की कुणाशी बोलली नव्हती. पण ते खरं का, हे घरात तिला कुणी विचारतच नव्हतं.

"तुले कराचं हाये का?" मी विचारलं. हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता.

"मले दहावी कराची हाये."

मी तिला समजावलं की हे मला माझ्या एका सहकाऱ्याला सांगावं लागेल, तो सरकारी माणसांना घेऊन येईल, आणि तुझं नाव कुणी घेतलं नाही तरी घरच्यांना कळेल कोण बोललं ते. राग येईल त्यांना. तिनं जमिनीकडं बघत विचार केला. अंगणातून तिला कुणीतरी हाक मारली, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही.

"सांगा," ती म्हणाली.

त्या गावात फोन लागत नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर उभं राहिलं की थोडा लागतो. तिथून मी सहकाऱ्याला फोन केला. तो मंचेरियलचा, बाप कोळशाच्या खाणीत. मराठी त्याला कळायची नाही, आम्ही तेलुगूत किंवा हिंदीत बोलायचो. शांत मुलगा. त्यानं मला गावाचं नाव, मुलीची इयत्ता, एवढंच विचारलं आणि म्हणाला, तुम्ही आता यातून बाजूला व्हा. नियम तसाच होता. मी मोजणारी. थांबवणाऱ्यांत माझा चेहरा दिसला असता तर पुढच्या फेरीला कुणी माझ्याशी खरं बोललं नसतं.

सहकारी सरकारी लोकांना घेऊन गावात गेला त्या दिवशी मी आदिलाबादच्या ऑफिसात बसून दुसऱ्या गावांची उत्तरं तपासत होते. संध्याकाळी तो परत आला. बाप बोललाच नाही, म्हणाला. मोठ्या काकानं वाद घातला. आई रडली. शेवटी अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असा मुचलका त्यांनी लिहून दिला, बापानं सही केली. "लडकी?" मी विचारलं. तो म्हणाला, "अंदर थी. बाहर नहीं आई."

पुढच्या आठवड्यात मला बेल्याला काम होतं आणि त्या दिवशी नेमका बाजार होता. तिची आई वांगी-टमाट्यांची पोती पसरून बसलेली दिसली. तिनंही मला बघितलं. तोंड चुकवून निघून जाणं मला बरं वाटेना, म्हणून मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तुमी आमच्या घरी चा पेल्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तुमाले भाजी बांधून देल्ली. जे बोलाचं होतं ते मले बोलाचं होतं. दारात गाडी काऊन आनली?"

"तिचं वय नाई ना झालं अजून."

"वय मले ठाऊक हाये. मीच जल्म देल्ला तिले." एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला टमाटे तोलून दिले, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं. "उद्या तिच्या बहिनीवानी झालं, तं लोक माह्या दारात येतीन. तवा तुमी येनार हाये का? का मंग बी विचारूनच जानार?"

ती वांग्यांवर पाणी शिंपडायला लागली आणि मी बाजूला झाले.

हैदराबादच्या बैठकीत ही गोष्ट पडद्यावर आली. नाव-गाव काढून मीच लिहिली होती: एक मुलगी बोलली आणि एक लग्न थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मोठ्या मॅडमनी चहाच्या वेळी माझा हात हातात घेतला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मुलगी रोज शाळेत जात होती, नववीची परीक्षा तिनं दिली होती, गटातल्या तायांनी तसं कळवलं होतं. आमचं काम खरंच कुणाच्या उपयोगी पडतं असं मला पहिल्यांदा वाटलं.

मे महिन्यात अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. त्या चढावर जाऊन बोलत असाव्यात, वाऱ्याचा आवाज येत होता. "मॅडम, ते पोरगी मावशीकडं गेली बरं. सुट्ट्यात सगळ्याच पोरी जातात म्हना. पन तिची माय बी गेली आन् बाप बी गेला. घराले कुलूप हाये. आन् जायच्या आंदी घराले रंग देल्ला."

उन्हाळ्यात लोक घर रंगवतात. मावशीकडं राहायला जातात. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी बाई फोन करण्यासाठी उन्हात चढ चढून आल्या होत्या. मी सहकाऱ्याला सांगितलं. या वेळी तो मला बाजूला हो म्हणाला नाही. पलीकडं मराठीशिवाय काही चालणार नव्हतं आणि आमच्या ऑफिसात मराठी बोलणारी मीच होते.

नदीच्या अलीकडचे, आमच्या जिल्ह्यातले अधिकारी भले होते. त्यांनी आमचं ऐकून घेतलं. मुलगी आपली आहे, पण जागा पलीकडच्यांची आहे, म्हणाले. नदीच्या पुढं आमची हद्द नाही. आम्ही त्यांना कळवतो, तुम्हीही जा. आम्ही जीप घेऊन पूल ओलांडला. दुपारचं ऊन, नदीत पाण्याची एक पातळ धार आणि बाकी वाळू. पुलाच्या त्या बाजूला पाट्या मराठीत सुरू होतात. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशी मी पाट्यांकडं बघितलंच नाही.

तिकडच्या ठाण्यातले साहेबही वाईट नव्हते. पंखा आमच्याकडं वळवून त्यांनी आम्हाला पाणी दिलं. "माणसं देतो मी," ते म्हणाले, "पण मुलगी लहान आहे हे कशावरून? वयाचा दाखला दाखवा."

सहकाऱ्यानं शाळेचा दाखला टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट केला. तेलुगूत होता.

"हे मला वाचता येत नाही."

मी खुर्ची जवळ ओढली आणि ओळींवरून बोट फिरवत त्यांना वाचून दाखवला. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, खाली मुख्याध्यापकांची सही. त्यांनी नीट ऐकलं.

"तुम्ही खरंच सांगताय. पण तुम्ही संस्थेच्या. उद्या कोर्टात मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, एका बाईनं वाचून दाखवलं? शाळेकडून इंग्रजीत आणा. शिक्का मारून. मग लगेच निघू."

शाळेला सुट्ट्या. मुख्याध्यापक निर्मलला, सासरवाडीला. सहकारी जीप घेऊन परत अलीकडं गेला. मी ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मावशीचं गाव तिथून जवळच होतं. मी एकटीनं जावं का, असं मनात आलं. जाऊन काय करणार होते? दारात उभं राहून पुन्हा विचारणार होते, एवढंच. आणि आम्ही आलोय हे कळलं असतं तर त्यांनी मुलीला आणखी दूर नेलं असतं. ठाण्यातली एक महिला शिपाई येऊन माझ्याशेजारी बसली. शेंगदाणे देऊ केले. म्हणाली, "असे मॅटर उन्हाळ्यात लय येतात ताई. शाळा बंद असतात ना."

मुख्याध्यापक सासरवाडीचं जेवण सोडून मोटरसायकलवर आले, शाळा उघडली, इंग्रजीत दाखला लिहून शिक्का मारून दिला. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. कुणीच घेतले नाहीत. तरी सहकारी परत येईपर्यंत दिवस मावळला होता आणि साहेब दुसऱ्या बंदोबस्तावर निघून गेले होते. आम्ही सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी ती महिला शिपाई आणि आणखी एक जण, आम्ही दोघं, असे मावशीच्या गावात पोचलो. दारात मांडव होता. जांभळीच्या डहाळ्या वाळून गेल्या होत्या. दोन बाया अंगणात पातेली घासत बसल्या होत्या. मावशी बाहेर आली. घाबरलेली वगैरे दिसली नाही, दमलेली दिसली.

"कालच लागलं लगन," ती म्हणाली. "अठी नाई लागलं, देवळात लागलं, तिकल्ल्या गावात. पोरगी गेली नांदाले." मग घरात कुणी पाहुणं आल्यावर बोलतात तसं, "बसा. बुंदी हाये. ऊन लय हाये."

आम्ही बसलो नाही. पंचनामा झाला. सहकाऱ्यानं तक्रार दिली. त्यानंतर तारखा पडत राहिल्या. मुलीचा जबाब झाला, त्यात तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं असं सांगितलं, असं मला नंतर कळलं. तेव्हा मी तिथं नव्हते. ती ते कशी बोलली असेल, कुणाकडं बघत बोलली असेल, हे मी पुष्कळदा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. नाही आणता आलं.

परत येताना सहकाऱ्यानं पुलावर जीप थांबवायला सांगितली. खाली वाळूत दोन्ही काठच्या लोकांनी टरबुजांच्या वाड्या लावल्या होत्या. तो कठड्याला टेकून त्या वाड्यांकडं बघत राहिला.

"मेरी दीदी का भी ऐसे ही हुआ था," तो म्हणाला. "तब कोई पूछने भी नहीं आया था. मैं सोचता था, कोई आता तो रुक जाता."

कठडा उन्हानं तापला होता. आम्ही जीपमध्ये बसलो.

हिवाळ्यात शेवटची फेरी आली. मी त्याच गावांत पुन्हा गेले, त्याच मुलींना बसवलं. काही मुली आता दहावीत होत्या. आपण बोललो तर कुणी ऐकतं, असं म्हणणाऱ्या मुली वाढल्या होत्या. ते खोटं नव्हतं, मी माझ्या कानांनी ऐकलं. ती मुलगी यादीत नव्हती. आता ती त्या गावची राहिली नव्हती, टॅबच्या हिशेबात ती "स्थलांतरित" होती. गावासाठी वेगळा प्रश्न होता: गेल्या वर्षात या गावात अठराच्या आतल्या मुलीचं लग्न झालं का? सरपंच म्हणाले, नाही. अंगणवाडीच्या बाई माझ्याकडं बघून, जरा थांबून म्हणाल्या, "या गावात नाई झालं." मला ते तसंच भरावं लागलं. लग्न झालं होतं ते नदीपलीकडच्या एका देवळात.

मी मोठ्या मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या शहाण्या बाई, आणि मुलांसाठी मनापासून काम करणाऱ्या. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, व्याख्या सुरुवातीला ठरली आहे, सगळ्या जिल्ह्यांना तीच लावली आहे, आता एका गावासाठी बदलली तर कशाचीच तुलना होणार नाही. "तू तळटीप लिही. मी ती ठेवीन." मी लिहिली. त्यांनी ती खरंच ठेवली. अहवाल छापून आला तेव्हा ती बारीक अक्षरात पानाच्या तळाशी होती: सीमेपलीकडे झालेले विवाह यात धरलेले नाहीत. वाक्य बरोबर होतं. वाचून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. मी आणखी काही लिहू शकले असते का, याचा मी विचार केला. मुलीचं नाव लिहिता येत नव्हतं, गावाचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि ती दोन्ही काढून टाकल्यावर उरलं ते एवढंच.

त्याच फेरीत ती मला भेटली. संक्रांतीला माहेरी आली होती. घरामागच्या वाडीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साडी नेसलेली, हातभर हिरव्या बांगड्या. मला बघून उठली, मग बाजूच्या गोणपाटावरचा पसारा सारून मला जागा करून दिली. आई घरात होती. मला बघून आतच राहिली.

"कशी हायेस?"

"बरी हाये. मारत-बिरत नाई तिकडं कोनी." तिनं शेंग फोडली. "सासू चांगली हाये. ते ट्रॅक्टर चालवते." ते म्हणजे नवरा.

"शाळा?"

"तिकल्ली शाळा मराठीत हाये, मॅडम. मले मराठी बोलता येते. वाचाले गेली तं एक एक अक्षर जुळवा लागते. लिवता तं येतच नाई." ती जरा हसली. "तेलगूत सांगितलं असतं तं बसली असती मी परीक्षेले. तिकडं तेलगू कोनाले येत नाई. मी भांडे घासतानी एकटीच कविता म्हनतो, तं सासू म्हनते, हे काय मंतर पुटपुटून राह्यली."

तिचं शिकणं नदीच्या या बाजूला राहिलं होतं आणि ती त्या बाजूला. मी तिला मुक्त शाळेबद्दल सांगितलं. रोज जावं लागत नाही, परीक्षा तेवढी द्यायची, इकडं येऊन दिली तर तेलुगूत देता येते. हे सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं, पण ती तेव्हा माझ्या कुठल्याच यादीत नव्हती, त्यामुळं मला नियम आडवा आला नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. सासूला विचारते म्हणाली. काही दिवसांनी तिनं नवऱ्याच्या फोनवरून मला कळवलं, हो म्हणाले. मी अर्ज भरला, पुस्तकं बसच्या कंडक्टरकरवी पाठवली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी आदिलाबादला केंद्राच्या फाटकाशी उभी होते. मुलं आत गेली, फाटक लागलं. तिचा फोन लागत नव्हता. दुपारी लागला तो सासूनं उचलला. बाईचा आवाज मऊ होता.

"तिले सातवा लागला, बाई. डाक्टरनं बसगाडीत बसू नको म्हनलं. ते रडून राह्यली सकाऊनपासून. आता तुमीच सांगा, मी काय करू?"

मी म्हणाले, डॉक्टरनी सांगितलं ते बरोबर आहे. तिला आराम करू द्या. आणखी काय म्हणणार? सोळाव्या वर्षी पोटात मूल असलेल्या मुलीला त्या रस्त्यानं बसमधून ये असं मी म्हणू शकत नव्हते.

बाळंतपण तिकडच्या सरकारी दवाखान्यात झालं. बाळ अशक्त होतं, काही दिवस दोघींना दवाखान्यात ठेवलं. पोळ्यानंतर तिच्या आईचा मला फोन आला. बाजारातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "पोरगी घरी आली हाये. लेकरू बी हाये. तुमाले याचं असन तं या." मी रविवारी बसनं गेले.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला. बाळ तिच्या मांडीवर, इतकं लहान की कपड्यात हरवून जात होतं. आईनं ते उचललं आणि माझ्या हातात दिलं, म्हणजे मुलीला जेवता येईल. मुलगी भात कालवून खाऊ लागली. मी बाळाकडं बघत होते. बाळाचे हात इतके बारीक होते की कुपोषण तपासायला दंड कुठं, कसा मोजतात, हे लगेच मनात आलं. मी तो विचार बाजूला ठेवला.

आईनं मला चहा दिला. शेजारी बसली. मग म्हणाली, "तवा ते गाडीतले लोक सांगून राह्यले होते, लहान पोरीले बाळंतपनाचा तरास होते म्हून. मले वाटलं, आमाले नाई झालं का. दवाखान्यात मी पाह्यलं तिले." पदरानं तिनं नाक पुसलं. "आता काय करता येते?"

ती माझ्याकडून उत्तराची वाट बघत नव्हती.

तोवर संस्थेचं त्या गावांतलं काम संपलं होतं. गट बंद झाले होते, ताया दुसरीकडं लागल्या होत्या. मला बाजारहत्नूरची गावं दिली होती, तिथं अंगणवाडीच्या मुलांच्या खाण्याचं काम सुरू होणार होतं आणि मला सुरुवातीची मोजणी करायची होती. हे मी त्यांना सांगितलं. मुलीनं ताट बाजूला सारलं, हात धुतला, बाळ परत घेतलं.

"म्हंजे आता तुमी इकडं येनार नाई?"

"कामानं नाई. तशी येईन कवा तरी."

निघताना आई फाट्यापर्यंत सोडायला आली. बस दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "पुढच्या साली त्या परीक्षेचा फारम निंगला तं सांगान का? लेकरू मी पाहीन."

सांगीन, म्हणाले. तिला पाठवायचं की नाही हे ठरवणारं घर नदीपलीकडं होतं, आणि तिथं माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नव्हतं. आईलाही वाटत नसावं. बस थांबली, मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती रस्त्याच्या कडेला अजून उभी होती, आणि कंडक्टर मला कुठं जायचं ते विचारत होता.